डॅशबोर्डवरचा लाल दिवा

मोटारीची किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर क्षणभर दिवाळी उजळते. बॅटरी, तेलाचा दाब, इंजिन, हातब्रेक असे सारे दिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू होताच एकेक करून मावळतात. बहुतेकांचे या सोहळ्याकडे लक्ष नसते. कचेरीला निघण्याची घाई असते, आरसा नीट करायचा असतो, मुलांनी डबा घेतला की नाही ते विचारायचे असते. या दिव्यांपैकी एकावर आसनावर बसलेल्या माणसाची आकृती आणि तिच्यासमोर एक वर्तुळ दिसते. तो एअरबॅगच्या यंत्रणेचा दिवा. प्रस्तुत लेख त्या एका दिव्याविषयी आहे.

इंजिनात बिघाड झाला तर गाडी धक्के देते. ब्रेक कमजोर झाले तर पायाला कळते. एअरबॅगची विद्युतयंत्रणा बंद पडली तर मात्र गाडीच्या चालण्यात तसूभरही फरक पडत नाही. ती पूर्वीइतकीच सुरेख धावते, पूर्वीइतकेच पेट्रोल पिते. मालकाला काही कळण्याचा मार्ग म्हणजे तो दिवा, आणि त्याची भाषा ठाऊक नसेल तर तोही मार्ग नाही. मला ती ठाऊक नव्हती.

काही वर्षांपूर्वी माझी बदली वडोदऱ्यास झाली आणि तेथे मी एक जुनी मोटार विकत घेतली. २०१५ सालची गाडी, पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग. कर्ज अर्थातच आपल्याच बँकेचे. कागदपत्रे चोख होती, मूल्यांककाचा अहवाल अनुकूल होता, रंग तर दृष्ट लागावी असा. दोनेक महिन्यांनी हॉर्न रुसू लागला. कधी वाजे, कधी मुळीच नाही. वडोदऱ्याच्या रस्त्यावर हॉर्नवाचून गाडी चालवणे म्हणजे मौनव्रत घेऊन बाजारात भाव करण्यासारखे. शेजाऱ्यांनी दांडिया बाजाराच्या बाजूच्या एका वृद्ध इलेक्ट्रिशियनचे नाव सुचवले. अनेक वर्षे एका अधिकृत कार्यशाळेत काम करून त्यांनी स्वतःचे छोटेसे दुकान थाटले होते. घराणे मूळचे साताऱ्याकडचे; बडोद्यात तिसरी पिढी.

त्यांनी गाडीला हात लावला नाही. आधी विचारले, "साहेब, हॉर्न कधी वाजत नाही? चाक सरळ असताना, की वळवताना?"

"वळवताना, काका. उजवीकडे वळवले की हमखास."

"मग हॉर्न बिघडलेला नाही. सकाळी किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागतो का, तेवढे सांगा."

मला उत्तर देता आले नाही. दोन महिने त्या गाडीतून मी आणि पत्नी रोज हिंडत होतो, एकदा अहमदाबादलाही जाऊन आलो होतो, आणि तो दिवा मी एकदाही पाहिल्याचे मला आठवेना.

हॉर्नच्या तक्रारीवरून काका एअरबॅगपर्यंत कसे पोहोचले, हे कळण्यासाठी यंत्रणेची रचना थोडी पाहावी लागेल. अपघातात फुगणाऱ्या पिशवीची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील जॉन हेट्रिक यांना तिचे पेटंट १९५३ साली मिळाले. अडचण पिशवीची नव्हती, ती केव्हा फुगवायची हे ठरवण्याची होती. ॲलन ब्रीड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस जो सेन्सर बनवला तो मोठा मजेदार होता: एका नळीत पोलादी गोळी, तिला मागे धरून ठेवणारे चुंबक. गाडीला जबर धक्का बसला की गोळी चुंबकाची पकड सोडून पुढे धावे आणि परिपथ जोडे. रस्त्यावरच्या खड्ड्याने ती सुटत नसे. मर्सिडीझ कंपनीने १९८१ च्या सुमारास चालकाची एअरबॅग बाजारात आणली. पुढे गोळीची जागा नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीने घेतली, पण प्रश्न तोच राहिला: हा धक्का खड्ड्याचा, की भिंतीचा?

हा निर्णय घेणारा नियंत्रक बहुधा गिअरच्या दांड्याजवळ, दोन आसनांमधल्या उंचवट्यावर घट्ट बोल्ट केलेला असतो. टक्कर झाल्यावर साधारण १५ ते ३० सहस्रांश सेकंदात तो निर्णय घेतो, आणि पुढच्या तीसेक सहस्रांश सेकंदात पिशवी फुगलेली असते. पापणी लवायला याहून अधिक वेळ लागतो. पिशवीच्या मुळाशी एक बारीकशी ठिणगीदायी तार असते. जेमतेम सव्वा अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या दोन सहस्रांश भागापुरता मिळाला तरी ती पेटते आणि तिच्यामुळे वायू निर्माण होतो.

आता महत्त्वाची गोष्ट. अशी यंत्रणा दहा-दहा वर्षे निष्क्रिय पडून असते आणि एके दिवशी, पूर्वसूचनेशिवाय, तिला एकदाच आणि अचूक काम करायचे असते. चालवून पाहावी म्हटले तर ती खर्ची पडते. म्हणून नियंत्रक दुसरा उपाय करतो. किल्ली फिरवताच, आणि पुढे प्रवासभर, तो प्रत्येक परिपथातून अगदी क्षीण प्रवाह सोडून त्याचा रोध मोजत राहतो. ठिणगीच्या तारेचा रोध सुमारे दोन ओहम असतो. तो वाढला तर तार कोठेतरी तुटली किंवा सांधा गंजला. अगदी कमी झाला तर कोठेतरी दोन तारा एकमेकींना चिकटल्या. दोन्ही वेळा नियंत्रक दोषाचा सांकेतिक क्रमांक स्मृतीत नोंदवतो आणि दिवा लावतो. दिवा किल्लीबरोबर काही सेकंद लागून विझला तर सारे ठीक. लागलेलाच राहिला तर दोष आहे. आणि मुळी लागलाच नाही, तर दोष दिव्यात आहे, किंवा दिव्यामागच्या माणसात.

राहता राहिला हॉर्न. एअरबॅग चाकाच्या मध्यभागी बसवलेली, आणि चाक तर गरगर फिरते. मग फिरत्या भागात वीज न्यायची कशी? त्यासाठी चाकामागे एका चपट्या डबीत रिबिनीसारखी पातळ केबल घड्याळाच्या स्प्रिंगप्रमाणे गुंडाळून ठेवतात. कारागीर तिला क्लॉक स्प्रिंगच म्हणतात. चाक एका बाजूला फिरले की ती आवळते, दुसऱ्या बाजूला फिरले की सैलावते. हॉर्नच्या बटणाची ताराही याच डबीतून जाते. चाक वळवताना हॉर्न बंद पडतो याचा अर्थ ती रिबीन चिरली आहे, आणि तिच्याच शेजारून एअरबॅगची तार जाते. काकांचा तर्क एवढा सरळ होता.

त्यांनी किल्ली फिरवली. सारे दिवे लागले, तेवढा एक लागला नाही. मग त्यांनी मीटरची चौकट काढली आणि मागच्या बाजूने मला दाखवली. त्या दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा व्यवस्थित कापून लावलेला होता. कात्रीने कापलेला, कोपरे गोल केलेले. ज्याने हे काम केले तो मनुष्य नीटनेटका होता, हे मान्य करावे लागेल. पट्टी काढली तसा दिवा लख्ख लागला आणि लागलेलाच राहिला.

पुढचा दीड तास मी जे पाहिले ते दोषनिदानाचा उत्तम पाठ होता, म्हणून ते तपशिलाने सांगतो. मात्र कोणीही घरी हे करून पाहू नये. चालकाच्या छातीसमोर जे बसवलेले असते ते स्फोटक आहे.

प्रथम त्यांनी संगणकीय उपकरण जोडून दोषक्रमांक वाचले. इंजिनाचे क्रमांक वाचणारी स्वस्त उपकरणे सर्वत्र मिळतात, परंतु एअरबॅगचा नियंत्रक त्यांतल्या बहुतेकांशी बोलत नाही. त्याला त्या कंपनीची भाषा येणारे उपकरण लागते. दोन क्रमांक निघाले. एक, चालकाच्या एअरबॅगच्या परिपथात रोध अधिक. दुसरा, शेजारच्या आसनाच्या पट्ट्याच्या बकलमधील स्विचचा संकेत अधूनमधून नाहीसा होतो. "क्रमांक म्हणजे पत्ता," काका म्हणाले, "चोराचं नाव नव्हे." रोध अधिक असण्याचे कारण पिशवीत असू शकते, रिबिनीत असू शकते, खालच्या पिवळ्या जोडणीत असू शकते किंवा नियंत्रकातही. पुष्कळ ठिकाणी क्रमांक वाचून थेट पिशवीच बदलतात, हजारो रुपयांचे बिल होते आणि आठवड्याने दिवा परत लागतो.

त्यांनी बॅटरीची तार सोडली आणि चहा मागवला. मला वाटले दुपारची सुटी झाली. परंतु तो चहादेखील निदानाचाच भाग होता. अपघातात बॅटरी तुटली तरी पिशवी फुगावी म्हणून नियंत्रकात वीज साठवणारे कपॅसिटर असतात. ते रिते होईपर्यंत थांबावे लागते. किती, ते प्रत्येक कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. काका सगळ्यांनाच दहा मिनिटे देत. त्यानंतर त्यांनी चाकातील एअरबॅग सोडवून दूरच्या टेबलावर, कापडी बाजू वर करून ठेवली. उलटी ठेवली आणि चुकून पेटली तर ती धातूच्या भागासह छताकडे उडते.

पिशवीच्या जागी त्यांनी दोन ओहमचा एक साधा रोधक जोडला. नियंत्रकाला पिशवी आणि रोधक यांत फरक कळत नाही, त्याला फक्त दोन ओहम दिसतात. बॅटरी जोडून पुन्हा क्रमांक पाहिला. दोष कायम! म्हणजे पिशवी निर्दोष ठरली. मग तोच रोधक त्यांनी रिबिनीच्या खाली, स्टिअरिंगच्या दांड्याजवळील जोडणीत लावला. आता दोष गेला. म्हणजे खालची वायर आणि नियंत्रकही निर्दोष. उरली ती मधली डबी. पिशवीवर मल्टिमीटर लावण्यास सक्त मनाई असते, कारण मीटरचा प्रवाहसुद्धा घात करू शकतो. पण सोडवलेल्या रिकाम्या डबीवर तो लावायला हरकत नव्हती. चाक मधोमध असताना रोध अर्ध्या ओहमच्या आत. हळूहळू उजवीकडे फिरवले, पाऊण फेऱ्यावर काटा एकदम अनंताकडे गेला. डावीकडे आणले, परत ठीक.

डबी उघडल्यावर रिबिनीच्या घडीवर केसाएवढी चीर दिसली. कारणही स्पष्ट होते. केव्हातरी स्टिअरिंग उतरवले गेले होते आणि परत बसवताना ती डबी मध्यबिंदूवर आणून बसवली नव्हती. परिणामी एका बाजूला पूर्ण वळवल्यावर रिबीन ताणली जाई. असे काही महिने चालले आणि ती चिरली. मग दिवा लागला असेल, आणि मालकाने किंवा विकणाऱ्याने नवी डबी घेण्याऐवजी चिकटपट्टी घेतली.

दुसऱ्या दोषाचा गुन्हेगार मीच निघालो. शेजारच्या आसनाखाली मी लांब दांड्याची छत्री कोंबून ठेवीत असे. आसन पुढे-मागे सरकवताना तिच्या टोकाने तेथील जोडणी सैल झाली होती. त्या आसनावर पत्नी बसत असे. काकांनी छत्री माझ्या हाती दिली आणि काही बोलले नाहीत.

परत येताना मनात एक प्रश्न घोळत होता. आमच्या गाडीत निदान दिवा प्रामाणिक होता, माणसाने त्याचे तोंड बांधले होते. ज्या दोषाने दिवा लागतच नाही, त्याचे काय? याचे उत्तर अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या प्रकरणात मिळते. दोषनिदान शिकणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे असे आहे.

शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि त्याच घराण्यातील काही गाड्यांच्या किल्लीच्या स्विचमधील खिट्टी कमजोर होती. किल्लीला जड जुडगा लटकलेला असला, किंवा गुडघ्याचा धक्का लागला, की धावत्या गाडीतच किल्ली एक घर मागे सरके. इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई. आणि एअरबॅगच्या नियंत्रकाच्या दृष्टीने किल्ली मागे फिरली म्हणजे गाडी उभी केली. तो कामावरून उतरे. मग गाडी झाडावर आदळली तरी पिशवी फुगत नसे. यंत्रणेतील प्रत्येक परिपथाचा रोध बरोबर दोन ओहम! दिव्याला सांगण्यासारखे काही नव्हतेच.

डिसेंबर २००५ मध्ये कंपनीने विक्रेत्यांना पत्रक काढून ग्राहकांना जुडग्यातील जड वस्तू काढण्यास सांगावे असे कळवले. ऑक्टोबर २००६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात झालेल्या एका अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत आणि दोन तरुण मुलींचा बळी गेला. त्याचा तपास करणाऱ्या राज्य पोलिसाने २००७ सालच्या आपल्या अहवालात किल्लीची स्थिती, ते पत्रक आणि न उघडलेल्या पिशव्या यांचा संबंध स्पष्ट जोडून दाखवला होता. एका पोलिसाला जे दिसले ते अभियंत्यांना वर्षानुवर्षे दिसले नाही, कारण गाडी बंद पडणे हा गैरसोयीचा विषय आणि एअरबॅग हा सुरक्षेचा विषय, असे दोन वेगळे कप्पे होते. केंद्रीय वाहतूक सुरक्षा विभागानेही २००७ च्या अखेरीस औपचारिक चौकशी न करण्याचे ठरवले.

कोडे सुटले ते अगदी आमच्या काकांच्या पद्धतीने. मार्च २०१० मध्ये जॉर्जिया राज्यात एक तरुण परिचारिका कोबाल्टच्या अपघातात मरण पावली. तिच्या आईवडिलांनी दावा लावला. गाडीतील नोंदयंत्राने सांगितले की टक्करीच्या काही क्षण आधी किल्ली मागच्या घरात गेली होती. कुटुंबाच्या वतीने तपासणी करणारे फ्लॉरिडातील अभियंता मार्क हूड यांनी अपघातग्रस्त गाडीचा स्विच तपासला. मग विक्रेत्याकडून त्याच भाग-क्रमांकाचा नवा स्विच आणून दोन्ही शेजारी ठेवले. क्रमांक एकच, पण नवा फिरवायला अधिक जोर लागे. उघडून पाहिल्यावर आतील खिट्टी किंचित लांब आणि स्प्रिंग अधिक ताठ निघाली. कंपनीने २००६ मध्ये भाग सुधारला होता आणि क्रमांक मात्र बदलला नव्हता! त्यामुळे जुन्या गाड्या अडखळतात आणि नव्या नाहीत, याचे कारण कागदोपत्री कोणालाच सापडेना. फेब्रुवारी २०१४ पासून या दोषासाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावण्यात आल्या. नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने सरकारशी ९० कोटी डॉलरची तडजोड केली. चिकटपट्टी नेहमी काळ्या रंगाचीच असते असे नाही. न बदललेला भाग-क्रमांक हीसुद्धा एक चिकटपट्टीच.

आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२१ च्या अखेरीपर्यंत शेजारच्या आसनाचीही. या गाड्या आता हळूहळू जुन्या बाजारात येत आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांचे दोषही. सर्वांत फसवी ती पुरात बुडालेली गाडी. २६ जुलै २००५ च्या मुंबईनंतर आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी वडोदरा शहरात शिरल्यानंतर कितीतरी गाड्या धुऊन-पुसून चकाचक झाल्या. आसनापर्यंत पाणी चढले की नियंत्रक आणि आसनांखालच्या जोडण्या पाण्यात असतात. तांब्यावर हिरवी पूड चढायला काही महिने लागतात. तोवर गाडी दुसऱ्याची झालेली असते. आसन पुढे सरकवून, गालिचा उचलून त्या पिवळ्या जोडण्या नुसत्या डोळ्यांनी पाहाव्यात, हात लावू नये. चिखलाची रेघ किंवा हिरवट डाग दिसला तर व्यवहार तेथेच थांबवावा.

बाकीच्या आपल्या सवयीही काही कमी नाहीत. पुढे बसवलेला लोखंडी दांडा सेन्सरला टक्कर वेगळीच भासवतो; २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रालयाने राज्यांना या दांड्यांवर कारवाई करण्यास कळवले होते. आसनाच्या कडेला एअरबॅग असेल तर घट्ट शिवलेले आच्छादन तिची वाट अडवते. पट्टा न लावता त्याची कटकट बंद करणाऱ्या खोट्या क्लिपा तर खुलेआम विकल्या जात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ई-विक्री कंपन्यांना त्या काढून टाकण्याचे आदेश दिले. बकलमध्ये खोटी जीभ अडकवली की पट्टा बांधलेला आहे असे नियंत्रक समजतो, आणि फुगणाऱ्या पिशवीसमोर मोकळा माणूस येतो.

नवी डबी बसवून काकांनी किल्ली फिरवली. दिवा लागला. सहा मोजेपर्यंत थांबला आणि विझला. हॉर्न दोन्ही बाजूंना वाजला. त्यांनी सांगितलेले पैसे गाडीच्या कर्जाच्या एका हप्त्याहून कमी होते.

दुसऱ्या दिवशी मी मूल्यांककांना दूरध्वनी केला. गृहस्थ सज्जन. त्यांनी अहवालाची प्रत काढून वाचून दाखवली: इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, टायर, रंग, काच, बॅटरी. "साहेब, आमच्या नमुन्यात या दिव्यासाठी रकानाच नाही," ते म्हणाले. ते खरे होते. नमुना आमच्याच कचेरीतून गेलेला होता.

तेव्हापासून जुन्या मोटारीसाठी कर्ज मागायला कोणी माझ्या टेबलासमोर बसले, की कागदपत्रे चाळून झाल्यावर मी एक प्रश्न विचारतो. सकाळी किल्ली फिरवल्यावर तो दिवा लागतो का, आणि लागून विझतो का? फार थोडे जण तत्काळ उत्तर देतात. बाकीचे किल्ली घेऊन खाली गाडीकडे जातात, आणि मी खिडकीतून पाहत राहतो.